द्राक्षबागेतून घरी कोण आणणार?

नोव्हेंबर लागला की ठाण्यात तीन हात नाक्यावर शनिवारी सकाळी सहाच्या सुमाराला एक ठरलेलं दृश्य दिसतं. पुलाजवळ टेम्पो ट्रॅव्हलर उभी असते. मागेपुढे दोन-चार खासगी गाड्या, टोप्या-गॉगल चढवलेली पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतची माणसं, हातात वडापावचे पुडे आणि चहाचे कागदी कप. कुणीतरी फोनवर सांगत असतं, "अरे लवकर ये, सुलाला पोचायला उशीर होईल." सुला हे नाशिकच्या एका वाइन कंपनीचं नाव आहे, पण ठाणे, डोंबिवली, ऐरोली, वाशी या पट्ट्यात ते गावाच्या नावासारखं वापरलं जातं. माथेरानला जातात तसं सुलाला जातात. मग गाडी प्रत्यक्षात दुसऱ्या वायनरीत, यॉर्कला जाणार असो, सोमाला जाणार असो की दिंडोरीच्या बाजूला शाँदोंकडे.

मी स्वतः या सहलीला चार वेळा गेले आहे आणि पुन्हा जाणार आहे. म्हणून जे लिहिते आहे ते बाहेर उभं राहून नाक मुरडणाऱ्या माणसाचं मत नाही. महाराष्ट्रात वाइनविषयी बोलायला लागलं की आपण लगेच दोन बाजूंना जाऊन बसतो. एका बाजूला 'वाइन म्हणजे दारू नव्हे' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'हे मद्यराष्ट्र झालं' म्हणणारे. या दोघांच्या मधून एक दीडशे किलोमीटरचा रस्ता जातो. ठाण्याहून नाशिकला जाणारा आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी परत येणारा. त्या परतीच्या रस्त्याबद्दल दोन्ही बाजू गप्प असतात. माझं सगळं म्हणणं त्या रस्त्याबद्दल आहे.

माझी पहिली फेरी २०१६ च्या जानेवारीत झाली. आम्ही पाच जण, सगळे पाचपाखाडीतल्या एकाच सोसायटीतले, एका गाडीतून गेलो. सकाळी हवा अशी होती की इगतपुरीला काचा खाली करून हात बाहेर काढावेसे वाटले. गंगापूर धरणाच्या बाजूला पोचलो, टेस्टिंग झालं, मग जेवण, जेवणासोबत एकेक ग्लास, मग "आलोच आहोत तर" म्हणून आणखी एक. कुणीही झिंगलेलं नव्हतं. कुणाची जीभ जड झाली नव्हती. साडेचारला निघालो. कसारा घाट उतरताना एका वळणावर गाडी डाव्या कठड्याकडे सरकत गेली, अगदी हळू, जणू काही तिला तिकडेच जायचं होतं. वहिनींनी स्टिअरिंगवर हात टाकला आणि गाडी पुन्हा रस्त्यात आली. मागून ट्रकचा भोंगा वाजत गेला. घाट संपल्यावर एका धाब्याशी थांबलो, तेव्हा कुणीच बोलेना. गाडी आता कुणी चालवायची, असा प्रश्न आला तेव्हा लक्षात आलं की पाचही जणांकडे परवाना आहे, पाचही जणांना गाडी उत्तम येते आणि चालवण्याच्या अवस्थेत एकही नाही. त्या धाब्यावर आम्ही तीन तास बसलो. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि घरी आजीजवळ होती. त्या तीन तासांत मी तिच्याशिवाय दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही.

आम्ही बेपर्वा माणसं नव्हतो. आमचा हिशेब चुकला होता, कारण तो कधी कुणी आम्हाला मांडून दाखवला नव्हता. तो इथे मांडते. टेस्टिंगमध्ये साधारण पाच वाइन देतात, प्रत्येकी ३० मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे १५० मिलिलिटर. वाइनमध्ये मद्यार्क १२-१३ टक्के धरला तर पोटात गेलेला शुद्ध मद्यार्क सुमारे १५ ग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात त्याने १०० मिलिलिटरमागे ढोबळमानाने ४० मिलिग्रॅम मद्यार्क चढू शकतो, बाईच्या बाबतीत थोडा जास्तच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. तेव्हा नुसत्या पाच घोटांच्या, ज्याला आपण 'चव घेणं' म्हणतो त्या कार्यक्रमानंतरसुद्धा माणूस मर्यादेच्या काठावर किंवा तिच्यापलीकडे उभा असतो. त्यावर जेवताना दोन ग्लास झाले की एकूण मद्यार्क तिप्पट होतो. साडेअकराला सुरुवात केलेला माणूस साडेचारला गाडीत बसतो तेव्हाही त्याच्या रक्तात ४०-४५ मिलिग्रॅम शिल्लक असू शकतं. पोटात अन्न किती, वजन किती, यावर आकडा खालीवर होईल. पण 'मी तर काहीच घेतलं नाही' हे वाक्य त्या हिशेबात कुठेच बसत नाही. पकडलं गेल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ही शिक्षा १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. दंडाचं मला तेवढं वाटत नाही. आता इगतपुरीपासून आमण्यापर्यंत समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आहे. घाटाची वळणं टळतात, सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सुसाट जाते आणि सहल आणखी सोपी झाली आहे. ताशी शंभरच्या वेगाने गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. पाय ब्रेकवर पडायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी तेवढ्यात एक अख्खी बस ओलांडून गेलेली असते.

म्हणून 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य मला चुकीचं तर वाटतंच, धोक्याचंही वाटतं. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हे वाक्य घराघरांत पोचलं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी रान उठवलं आणि तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही. त्या वादात द्राक्ष बागाईतदाराचं नाव प्रत्येकाच्या तोंडी होतं, दारूबंदीकडे जायला सांगणाऱ्या घटनेच्या ४७ व्या कलमाचीही आठवण काढली गेली. पण वाइनमधला मद्यार्क आणि देशीतला मद्यार्क हा रसायन म्हणून एकच आहे, यकृताला त्यातला फरक कळत नाही आणि मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एवढं सरळ कुणी सांगितलं नाही. ज्याला दारू नव्हे असं सांगितलं, तो माणूस दारू न प्यायल्यासारखाच गाडी चालवणार. आम्ही तेच केलं होतं.

मग सहलच बंद करावी का? नाही. याचं कारण मला तिसऱ्या फेरीत सापडलं. त्या वेळी आम्ही बसने गेलो होतो, सोबत वाटाड्या होता आणि टेस्टिंग घेणारा मुलगा नाशिकचाच, मराठी बोलणारा होता.

आपल्याकडे पिण्याची जागा म्हणजे परमिट रूम. हे नावच १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलेलं आहे. पिण्यासाठी सरकारचा परवाना लागतो, म्हणून परमिट रूम. काळ्या काचा, मिणमिणता उजेड, टेबलावर क्वार्टर, सोबत शेंगदाणे आणि घाई. दारू लपून प्यायची आणि लवकर प्यायची, ही आपली रीत तिथे घडली. कोणत्याही बाईला तिथे शिरताना आपण कुठे आलो असं वाटावं, अशीच ती जागा असते. टेस्टिंग रूममध्ये भर दुपारचा उजेड होता. समोर द्राक्षवेलींच्या ओळी, त्यापलीकडे धरणाचं पाणी. हातात तीस मिलिलिटर, तेवढ्याला दहा मिनिटं. ग्लास दांड्याला धरा, कारण वाटीला धरला तर हाताच्या उबेने वाइन तापते. फिरवा, वास घ्या, थांबा, पुन्हा वास घ्या. नको असेल तर ही पिकदाणी, तोंडातला घोट इथे टाका, त्यात कमीपणा काही नाही. आमच्यात साठी ओलांडलेल्या दोन काकू होत्या. त्यांच्यापैकी एकीने आयुष्यात पहिल्यांदा ग्लास ओठाला लावला, घोट घोळवला आणि पिकदाणीत टाकला. तिला चव कळली आणि ती तिथेच पुरे झाली. परमिट रूममध्ये हे घडणं शक्य नाही.

आणि मग वासांची गोष्ट झाली. पहिली पांढरी वाइन होती सोव्हिन्यों ब्लाँ. मुलाने पाठ केलेलं सांगितलं, "यात तुम्हाला गूजबेरीचा वास येईल." आमच्यापैकी कुणीही गूजबेरी पाहिलेली नव्हती. सगळ्यांनी मान डोलावली, जशी न कळलेल्या भाषणाला डोलावतात. मग कळव्याच्या एक बाई, शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, जरा चाचरत म्हणाल्या, "मला तर ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतोय." मुलगा थांबला. त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, अगदी बरोबर. ढोबळी मिरचीत ज्या प्रकारचं द्रव्य असतं, तेच या द्राक्षात असतं." त्यानंतर त्या टेबलाचं रूप पालटलं. शेनँ ब्लाँला कुणी पिकलेला पेरू म्हणालं, कुणी अननस. शिराझ या लाल वाइनच्या वेळी कोपऱ्यातून आवाज आला, "काळी मिरी, पण सांबारातली नाही, खलबत्त्यात नुकती कुटलेली." तेही खरं होतं. काळ्या मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझ द्राक्षाच्या सालीत असतं. करवंद निघालं, जांभूळ निघालं, चिंचेचा कोळ निघाला, पहिल्या पावसाची माती निघाली. दीड तास सोळा माणसं आपापल्या लहानपणीचे वास शोधत बसली होती आणि त्या दीड तासात प्रत्येकाच्या पोटात एका ग्लासाइतकीच वाइन गेली.

चांगला वाटाड्या हे करतो. तो प्यायला उशीर लावतो. त्याने द्राक्षाची, मातीची, थंडीची गोष्ट सांगितली की तेवढा वेळ ग्लास खाली राहतो. म्हणून ही टेस्टिंग मराठीत झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. भाषेचा अभिमान म्हणून म्हणत नाही. ज्या वासाला आपल्याकडे शब्द आहे तो वास घ्यायला माणूस थांबतो. गूजबेरी म्हटलं की तो मान डोलावून ग्लास रिकामा करतो.

या सगळ्यावर माझ्या एका मैत्रिणीचा ठाम आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. ती शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर बायकांच्या बचत गटांसोबत काम करते. 'बाटली आडवी' करण्यासाठी झालेल्या मतदानांत तिने दारोदार फिरून बायकांना बाहेर काढलं आहे. निम्म्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होतं. त्यासाठी मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या बायका तिने पाहिल्या आहेत. ती मला म्हणाली, "तुम्ही पाच पाच घोटांचे वास घेता. माझ्या पाड्यावरची बाई संध्याकाळी नवरा कुठल्या अवस्थेत येतोय ते त्याच्या चपलांच्या आवाजावरून ओळखते. तिला तुम्ही पेरूचा वास सांगणार आहात का?"

यावर पाड्यावर काही शिराझ जात नाही, असं म्हणता येतं. बऱ्या बाटलीला सातशे-आठशे रुपये पडतात, हेही खरं. पण हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. गरिबाची दारू ती दारू आणि आपली ती संस्कृती, असा भेद करायला माझी जीभ वळत नाही. मी तिला दुसरं उत्तर दिलं. आमचा रस्ता तुझ्या पाड्यांवरूनच जातो. आसनगाव, शहापूर, खर्डी. संध्याकाळी सहा-सातला, अंधार पडताना, महामार्गाच्या कडेने डोक्यावर मोळी घेऊन चालणारी बाई तुझ्याच गटातली असते आणि त्याच वेळी नाशिकहून परतणाऱ्या आमच्या गाड्या तिच्या अंगावरून हातभर अंतराने जातात. तिच्या घरातली दारू थांबवणं माझ्या हातात नसेल. तिच्या रस्त्यावरची माझी दारू थांबवणं नक्कीच माझ्या हातात आहे. मैत्रीण गप्प राहिली. तिला पटलं असं मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून मी स्वतःची गाडी घेऊन त्या बाजूला गेलेली नाही.

दुसरा माणूस या सहलीतून गायब असतो तो शेतकरी. हे मी जरा तपशिलाने लिहिणार, कारण हे माझ्या आजोळचं आहे.

माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. खायच्या द्राक्षांची, थॉमसनची. लहानपणी मे महिन्यात गेलो की एप्रिलची खरड छाटणी होऊन गेलेली असायची, बाग नुसत्या काड्यांची, उजाड. दिवाळीच्या सुट्टीत जावं तर गोडी छाटणी झालेली आणि कोवळी पालवी फुटलेली. वर्षातून दोनदा छाटणी आणि एकच पीक, हे आपल्या उष्ण हवेतलं द्राक्षाचं गणित. युरोपातली वेल हिवाळ्यात आपोआप झोपते. आपल्याकडे तिला कात्री लावून झोपवावं आणि उठवावं लागतं. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क जाहीर केले आणि कंपन्या करार घेऊन गावोगाव फिरू लागल्या. भाव आधी ठरलेला, मणी फुगवायला घड जीएच्या म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवण्याचा खर्च नाही, विरळणीची मजुरी नाही. कारण वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं असतं, त्याचे मणी फुगवायचेच नसतात. मामांनी २००५ मध्ये दीड एकर कॅबर्ने ही वाइनच्या द्राक्षाची जात लावली. वेल पीक द्यायला तीन वर्षं घेते. पहिलं भरघोस पीक आलं आणि नेमकी जागतिक मंदी आली, २६/११ झाला, हॉटेलं ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या जुन्याच वाइनने भरलेल्या राहिल्या. करार केलेल्या कंपनीने माल उचलला नाही. वाइनचं द्राक्ष बाजार समितीत कुणी विचारत नाही, बियांमुळे खायला कुणी घेत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. भुरी आणि केवडा या रोगांपासून वाचवलेलं पीक वेलीवर सुकलं. २०१० च्या उन्हाळ्यात मामांनी ती बाग मुळासकट उपटली. परिसरात असे कितीतरी जण होते. मामी मला म्हणाली होती, "घरात मयत झाल्यासारखं त्या दिवशी चूल पेटवावीशी वाटली नाही गं."

आज चित्र पुष्कळ सुधारलं आहे, हेही सांगितलं पाहिजे. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन आहे, करार करून वेळेवर पैसे देणाऱ्या कंपन्या आहेत, वाइनच्या द्राक्षावर पोरांची शिक्षणं केलेले बागाईतदार मला माहीत आहेत. टेस्टिंग रूममध्ये येणारा प्रत्येक ठाणेकर या साखळीत पैसा घालतो आणि तो पैसा मला नकोसा वाटत नाही. पण चारही फेऱ्यांत मला एकाही वायनरीत शेतकरी भेटला नाही. स्टीलच्या टाक्या दाखवल्या, ओकची पिंपं दाखवली, तळघर दाखवलं, बाहेर दोन ओळी वेली फोटोसाठी राखलेल्या होत्या. ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातली साखर, किती आल्यावर तोडणी होते ते सांगितलं. तोडणीचा दिवस कंपनी ठरवते आणि तोवर गारपीट झाली तर नुकसान बागाईतदाराचं, हे नाही सांगितलं. ज्याच्या नावाने करसवलत मिळाली, सुपरमार्केटचा निर्णय झाला, त्याचा एखादा प्लॉट आणि त्याच्याशी अर्ध्या तासाची गाठ सहलीत असायला काय हरकत आहे? त्याला त्याचं मानधन द्यावं. पाहुण्यांना त्या दोन ओळींपेक्षा खूप जास्त कळेल. आणि, पुन्हा सांगते, तो अर्धा तास ग्लास हातात नसेल.

आता तिसरा माणूस. आमच्या बसच्या फेरीत सगळं नीट झालं असं वाटून मी ठाण्याला उतरताना चालककाकांचे आभार मानले आणि सहज विचारलं, "काका, आज किती वाजता उठला होतात?" ते म्हणाले, "साडेतीनला, ताई. गाडी कळव्याला लावतो, तिथून धुऊन आणायची असते." तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते आणि त्यांना अजून गाडी परत लावायला जायचं होतं. दुपारी आम्ही तीन तास आत होतो, ते बाहेर उन्हातल्या वाहनतळावर होते. त्यांच्यासाठी बसायची जागा नव्हती. जेवण त्यांनी डब्यातलं खाल्लं, गाडीतच. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा आहे आणि तो दिवसाला आठ तासांचं काम सांगतो. आम्ही दारू प्यायलेला चालक टाळला आणि अठरा तास जागा असलेला चालक घेतला. डुलकीला मद्यार्काचा वास नसतो, म्हणून नाकाबंदीत ती सापडत नाही.

तेव्हा माझं मागणं असं आहे. माणसांना प्यायला बोलावणाऱ्याने त्यांना घरी पोचवण्याचा विचार आमंत्रणातच करावा. ज्या वायनरीला पाहुण्यांना वाइन पाजायचा परवाना मिळतो, तिच्यावर त्या परवान्यासोबतच नाशिकरोड स्टेशनपर्यंत ने-आण करण्याची अट असावी. एकट्या वायनरीला परवडत नसेल तर गंगापूर रस्त्यावरच्या चार-पाच जणींनी मिळून बस ठेवावी किंवा महापालिकेच्या सिटीलिंक बससेवेला पैसे देऊन शनिवार-रविवारच्या फेऱ्या घ्याव्यात. ठाण्याहून सकाळी तपोवन एक्सप्रेस नाशिकरोडला नेते आणि संध्याकाळी तीच परत आणते. गाडी आधीपासून धावते आहे. हरवलेला दुवा आहे तो स्टेशन ते बाग या वीस-पंचवीस किलोमीटरचा. नाशिकला पाहुण्यांची अशी ने-आण जमत नाही असं कुणी म्हणू नये. २०१५ च्या सिंहस्थात खासगी गाड्या शहराबाहेर थांबवून लाखो भाविकांना एसटीने रामकुंडाच्या वाटेवर सोडलं होतं. तीर्थयात्रा आणि वाइन सहल यांची बरोबरी मी करत नाही. व्यवस्था करायची ठरवली तर करता येते, एवढंच त्यावरून दिसतं.

सरकारी पैशाने दारूच्या सहली काढायच्या का, असा प्रश्न येईल. नको. पैसा वायनरीने आणि पाहुण्यांनी घालावा, सरकारने फक्त अट घालावी आणि ती पाळली जाते की नाही ते पाहावं. टेस्टिंगच्या तिकिटावर किती मद्यार्क पोटात जाणार आणि किती तास गाडी चालवू नये, हे मराठीत छापावं. जो स्वतः गाडी घेऊन आला आहे त्याला चव घेऊन थुंकायची सवय लावावी आणि त्याच्या वाटणीच्या वाइनची छोटी बाटली सीलबंद करून घरी न्यायला द्यावी. चालकांसाठी सावलीत खाट आणि जेवण असावं. यातलं काहीही महाग नाही.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही हे आमच्यापुरतं करून पाहिलं. चौदा जण होतो. ठाण्याहून तपोवन पकडली, नाशिकरोडला उतरलो. तिथलीच एक टेम्पो ट्रॅव्हलर आधी ठरवून ठेवली होती, चालक तिथलाच. आधी निफाडला मामांकडे गेलो. मामा आता पंचाहत्तरीचे आहेत. त्यांनी सगळ्यांना ओळींतून फिरवलं, ओलांडा म्हणजे काय, काडी कुठे कापायची, घड किती ठेवायचे ते दाखवलं आणि २०१० मध्ये उपटलेल्या बागेच्या जागी आज कांदा आहे तो बांधही दाखवला. कळव्याच्या बाईंनी त्यांना विचारलं, "काका, पुन्हा लावाल का वाइनचं द्राक्ष?" मामा म्हणाले, "लावेन की. पण कागदावर लिहून घेईन, गारा पडल्या तर निम्मं तुमचं." मामीने पिठलं-भाकरी आणि ठेचा वाढला. चालकदादांना मामांनी हाताला धरून पंगतीत बसवलं. मग उलट्या दिशेला गंगापूरकडे गेलो, एकच टेस्टिंग, पाच वाइन, पिकदाणी निम्म्याने भरली.

साडेपाचला चालकदादांनी आम्हाला नाशिकरोडला सोडलं. त्यांचं घर देवळाली गावात, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. गाडी वळवता वळवता म्हणाले, पोरीची शिकवणी सुटायच्या आत घरी पोचतो आज.